एसीविरुद्ध एक निनावी मेल

"मला पकडणारा अजून जन्माला यायचाय!" असं मी बायकोला सांगितलं, तर ती म्हणते, "पलंगावर ओला टॉवेल टाकणारा मात्र रोज सापडतो!" तिला तंत्रज्ञानातलं काय कळतंय!

आमच्या साहेबांना उकडतं फार. त्यामुळे ऑफिसातला एसी असा, की चहा कपात ओतेपर्यंत गार! मी दोन स्वेटर घालून हिशेब तपासतो. शेवटी जेवणाच्या सुट्टीत, सगळे कॅन्टीनला गेलेले पाहून, मी ओळख लपवणारा ब्राउझर उघडला आणि साहेबांना मेल ठोकला: "एसी कमी करा, नाहीतर परिणामांना तयार राहा! तुमच्यावर माझी नजर आहे!" शेवटचं वाक्य आपलं जरा जोर यावा म्हणून हो!

साहेबांनी थेट पोलिसांना बोलावलं. सायबर शाखेच्या इन्स्पेक्टर बाई आल्या. मी स्वतः खुर्ची पुढे केली, वर ज्ञानही पाजळलं. "मॅडम, असा मेल तीन देश फिरून येतो म्हणे. माणूस सापडणं अशक्य!"

"एसीची तक्रार परदेशातून कोण करेल?" बाई म्हणाल्या आणि आमच्या नेटवर्कवाल्याकडे वळल्या. "मेल आला तेव्हा ह्या ऑफिसातून तसला ब्राउझर कोण वापरत होतं?"

"एकच कॉम्प्युटर, मॅडम. आमच्या हिशेबनिसांचा." सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"पण मी काय लिहिलं ते दिसतच नाही ना!" मी ओरडलो.

"नाही दिसत. पण अख्ख्या ऑफिसात तोंड झाकून तुम्ही एकटेच फिरत होतात!"

मी साहेबांपुढे हात जोडले. नोकरी गेली तर घरी काय सांगू? "नजर वगैरे काही नाही हो साहेब, थंडी वाजते!" बाईंना हसू आवरेना. साहेब मात्र गुरगुरले, "ह्या वेळी सोडतो. पुन्हा तुमच्याबद्दल काही कानावर आलं, तर कायमचे घरी!"

जीव भांड्यात पडला, तसं आमचं डोकं पुन्हा चालायला लागलं. मी सहकाऱ्यांना गोळा केलं. "अरे, माझं चुकलं कुठे? मी एकटा पडलो! सगळ्यांनी एकदम तो ब्राउझर उघडा, मग कुणाच्या बापाला कळणार नाही!" मंडळी लगेच तयार. आता एसीचं काही खरं नाही म्हणून मी खूश.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. समोर नवा निनावी मेल. "फोनवर बोंबलणाऱ्या, दुसऱ्यांचे डबे चाखणाऱ्या हिशेबनिसाला आवरा!"

"कोणी लिहिलं हे?" साहेब गरजले.

"साहेब, ते सापडणं अशक्य आहे," मी रडवेला होऊन म्हणालो. "सगळे एकदम वापरतात."

"सगळे? त्यांना हे शिकवलं कोणी?"

आता तुम्हीच सांगा, मी काय उत्तर देऊ? मला नोकरी टिकवायची आहे हो!