माल चांगला असल्यामुळे परत

वैजनाथअप्पांनी खिडकीतून आत सरकवलेलं पार्सल मी उलटंपालटं करून पाहिलं. चौकोनी, चपटं, सुतळीनं करकचून आवळलेलं. वर पुण्याचा पत्ता, आणि पत्त्याच्या खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'माल चांगला असल्यामुळे परत.'

"अप्पा, 'खराब' लिहायचं होतं ना?" मी विचारलं.

अप्पांनी खिडकीच्या जाळीवर दोनदा फुंकर मारली. काही महत्त्वाचं बोलायचं असलं की ते आधी अशी फुंकर मारत. मग म्हणाले, "खराब असती तर ठिवून घेतली नसती का, मास्तर?"

मी शिक्का मारला. चौसाळ्याच्या पोस्टात मी नवीन होतो. मूळचा केजचा, नियमाचा माणूस अशी माझी ख्याती. ख्याती म्हणजे लोक पाठीमागं जे बोलत, त्याचं हे सभ्य रूप. पार्सलवर काय लिहावं याचा नियम आहे, पण चांगला माल परत पाठवू नये असा नियम नाही, म्हणून मला गप्प बसावं लागलं.

त्या फुंकरीचं कोडं पुढं उलगडलं. अप्पांचा तीस वर्षं लाऊडस्पीकरचा धंदा होता. पंचक्रोशीत लग्न असलं की अप्पांचा कर्णा आधी झाडावर चढायचा आणि मग मांडव उभा राहायचा. माईकवर फुंकर मारल्याशिवाय पहिला शब्द बोलायचा नाही, ही सवय धंदा गेला तरी राहिली. माईक नसला तर अप्पा समोर जे असेल त्यावर फुंकत. तलाठ्याच्या टेबलावरचे कागद त्यांनी दोनदा उडवले होते.

दुसरी सवय याहून अवघड. कोणतीही वस्तू दाखवा, अप्पांचा पहिला प्रश्न ठरलेला, "खोट कुठंय?" मी नवी स्कूटर घेतली, गावानं पेढे खाल्ले. अप्पांनी पेढा हातात धरून स्कूटरला एक फेरी मारली आणि विचारलं, "खोट कुठंय हिच्यात?" मी म्हणालो, नवी कोरी आहे, खोट कसली? तर मान हलवून म्हणाले, "म्हंजी आजून ठाऊक न्हाई. जपून चालवा." पुतणीला पाहायला मुलगा आला तेव्हा शिक्षण, शेती, नोकरी सगळं बाजूला ठेवून त्यांनी त्यालाच विचारलं, "तुझ्यात खोट काय हाय ते सांग बे." बैठकीतली माणसं चपापली. मुलगा बिचारा प्रामाणिक. म्हणाला, राग लवकर येतो. अप्पा म्हणाले, "पसंत." त्या पुतणीचा संसार आजही उत्तम चालला आहे, हे मला नाइलाजानं इथं सांगावं लागतं.

यामागं धंद्याचा अनुभव होता. अप्पांच्या पेटीत शे-सव्वाशे रेकॉर्डी होत्या आणि त्यातली प्रत्येक कुठं खरखरते, कुठं उडी मारते, कुठं अडकते हे त्यांना तोंडपाठ होतं. "खोट ठाऊक असली की माणूस सावध ऱ्हातो," असं ते म्हणत.

मग दिवस पालटले. कॅसेटी आल्या, डेक आले, माणसाच्या उंचीचे बॉक्स आले. हायवेवरच्या धाब्यांत दिवसभर गाणी वाजू लागली, तेव्हा लग्नातल्या गाण्यांचं कुणाला अप्रूप राहणार? औरंगाबादच्या एका हॉटेलवाल्याला भिंतीवर टांगायला जुन्या वस्तू हव्या होत्या. तो अप्पांचा कर्णा आणि पेटीभर रेकॉर्डी घेऊन गेला. रेकॉर्ड वाजवायचं मशिन मात्र त्याला नको होतं. भिंतीवर ते शोभत नाही म्हणे.

आणि आता, पेटी विकल्याला तीन वर्षं होऊन गेल्यावर, हा माणूस रेकॉर्डी विकत घेत सुटला होता.

रविवारच्या पेपरात छोट्या जाहिराती असत. 'जुन्या रेकॉर्ड्स विकणे आहे.' कॅसेटींपायी सगळा महाराष्ट्र तेव्हा माळे रिकामे करत होता. अप्पा न्हाव्याच्या दुकानातून ते पान मागून आणत आणि सोमवारी सकाळी खिडकीशी येऊन मला कार्ड लिहायला लावत. त्यांचं स्वतःचं अक्षर पार्सलावरच्या चार शब्दांपुरतं चाले, कार्डात मावत नसे. मजकूर दर वेळी तोच. सासरी निघालेल्या मुलीचं एक जुनं गाणं होतं, ते तुमच्याकडं आहे का? असल्यास रेकॉर्ड अडकते का? कुठं अडकते? न अडकणारी पाठवू नये.

उत्तरं वाचण्यासारखी असत. सोलापूरच्या एका गृहस्थांनी लिहिलं, 'आमच्या तीर्थरूपांनी या रेकॉर्डी पोटच्या पोरांसारख्या सांभाळल्या. आपला प्रश्न वाचून आईच्या डोळ्यांत पाणी आलं.' पुण्याहून आलं, 'आपला प्रश्न उद्धट वाटला, तरी माल पाठवत आहोत. एकही ओरखडा सापडणार नाही.' सापडला नाहीच. तीच ती परत गेलेली.

नागपूरचा विकणारा मात्र हुशार निघाला. गिऱ्हाइकाला काय हवं ते ओळखून त्यानं लिहिलं, 'अडकते, फारच अडकते.' व्ही. पी. आली, म्हणजे पैसे भरल्यावरच हातात पडणारं पार्सल. अप्पांनी पार्सल कानाला लावलं, हलवलं आणि मला म्हणाले, "मास्तर, पैशे भरायच्या आधी जरा वाजवून बघू द्या." मी नियम सांगितला. व्ही. पी. आधी सोडवायची, मग फोडायची. अप्पांनी सोडवली आणि बगलेत मारून लगबगीनं घरी गेले. अर्ध्या तासात परत आले ते कपाळाला हात लावूनच. जाळीवर फुंकर मारायचंही भान नव्हतं.

"फसवलं, मास्तर! लई चांगली निघाली!"

खिडकीशी उभी असलेली माणसं खो खो हसली. मीही हसलो. ते हसणं मला पुढं फार दिवस टोचत राहिलं.

'माल चांगला असल्यामुळे परत' हा शेरा वाचून त्या नागपूरकरानं थेट मलाच पत्र टाकलं. 'पोस्टमास्तर यांस, आपल्या गावचे हे गिऱ्हाईक शुद्धीवर आहे काय?' गावाच्या अब्रूचा प्रश्न होता. त्या रविवारी मी अप्पांना चार शब्द सुनवायचे असं ठरवून त्यांच्या घरी गेलो.

बाहेरच्या खोलीत बाजेवर अप्पांच्या पत्नी, मथुराकाकू, उशीला टेकून बसल्या होत्या. त्या आजारी असतात एवढंच मी ऐकून होतो. पेटी विकल्यावर सहा महिन्यांनी त्यांच्या अंगावरून वारं गेलं होतं. उजवी बाजू लुळी आणि वाचा बंद. उजवा हात मांडीवर पडलेला होता, कुणीतरी आणून ठेवल्यासारखा. बाजेला लागून स्टुलावर ते रेकॉर्डचं मशिन होतं, बरोबर त्या हाताच्या बाजूला.

मी पत्राचं बोललो. अप्पा चिडले नाहीत. कोपऱ्यातला एक रबरी चेंडू उचलून त्यांनी मला दाखवला. "अंबाजोगाईच्या डॉक्टरनं दिला. म्हन्ला, बाईनं आपल्या मनानं हात हालवला तर हात येईल. दुसऱ्यानं हालवून उपेग न्हाई. दोन वर्सं झाली. म्या चेंडू ठिवतो, तो घरंगळून जातो. लेक तलवाड्याहून येती, गयावया करती. ही नुसती बघती."

"मग रेकॉर्डीचं काय?"

तेव्हा अप्पांनी सांगितलं. लग्नात अप्पा वायरी, बॅटरी, कर्णा सांभाळत आणि मशिनपाशी काकू बसत. मुलगी सासरी निघाली की ते गाणं लागे. दुसऱ्या कडव्यात 'मागे वळून' या शब्दांवर त्यांची रेकॉर्ड हमखास अडकायची. मागे वळून, मागे वळून, मागे वळून. मग काकू उजव्या हाताच्या बोटानं मशिनच्या कडेवर टिचकी मारायच्या, पिन पुढं सरकायची. इतकी लग्नं या रेकॉर्डवर लागली, की गाणं मुळातच असं आहे अशी भागातल्या बायकांची समजूत झाली. 'मागे वळून' सुरू झालं की नवरी थांबे, मागं वळे, सगळ्या जणी नव्यानं रडून घेत आणि टिचकी पडली की वरात हले.

"आमच्या लेकीच्या लग्नात बी हिच बसलीती मशिनवर," अप्पा म्हणाले. "म्या म्हन्लो, आज तरी ऊठ, लेक चालली. तर म्हन्ली, मंग टिचकी कोन मारंल? लेकीला मागं वळून बघतच ऱ्हावं लागंल. रडत रडत टिचकी मारली बघा."

काकूंची नजर आमच्याकडं होती. त्यांना सगळं कळत होतं.

"आमची रेकॉर्ड आनाय औरंगाबादला गेल्तो, तर त्यानं सगळ्या खिळे ठोकून भिंतीला मारलेल्या, वाजायच्या कामाच्या न्हाईत. कॅसेट लावून बघितली. चांगल्या रेकॉर्डी लावल्या. गाणं सरळ निघून जातं. हात कावून हालवावा तिनं? काम काय हाय त्याला? अडकली तरच काम हाय."

मी म्हणालो, मग एखाद्या चांगल्या रेकॉर्डवर आपणच ओरखडा पाडावा. नियमाच्या माणसाला सुचावं तसंच हे सुचलं.

"पाडला की. खिळा घिऊन बसलतो. पिन त्या रेघेवरून उडून भलतीकडं पळाली, थांबली न्हाई. खोट मुद्दाम पाडता येत न्हाई, मास्तर. ती वापरून वापरूनच पडाय लागती."

मी नागपूरचं पत्र खिशात घातलं. अप्पांना सुनवायचे चार शब्द मला काही केल्या आठवेनात. त्या दिवसापासून अप्पांची कार्डं मी माझ्या वळणदार अक्षरात, मनापासून लिहू लागलो. रविवारच्या पेपरातलं ते पान मीच पाहू लागलो.

चार महिने काहीच झालं नाही. रेकॉर्डी येत, चांगल्या निघत, परत जात. अप्पा थकलेले दिसू लागले. मग उमरग्याहून एक कार्ड आलं. लिहिणारा अप्पांसारखाच म्हातारा कर्णेवाला होता. त्यानं लिहिलं होतं, 'गाणं आहे. अडकते. पहिल्या कडव्यात, 'अंगणात' या शब्दावर. टिचकी मारावी लागते. आता घरात टिचकी मारणारं कोणी उरलं नाही, म्हणून देऊन टाकतो.' मागोमाग पार्सल आलं. व्ही. पी. नव्हती, साधंच.

पोस्ट बंद करून मी अप्पांबरोबर गेलो. ऊन उतरलं होतं. अप्पांनी रेकॉर्ड धोतराच्या सोग्यानं पुसली, पिनीवर दोनदा फुंकर मारली आणि गाणं लावलं. मग काकूंचा उजवा हात उचलून मशिनच्या कडेवर ठेवला आणि स्वतः खाली जमिनीवर बसले, दोन्ही हात मांडीखाली घालून.

गाणं सुरू झालं, आणि पहिल्या कडव्यात अडकलं. अंगणात, अंगणात, अंगणात. काकूंनी मशिनकडं पाहिलं. अंगणात, अंगणात. हात जागचा हलला नाही. ते ऐकवेना. माझा हात आपसूक पुढं गेला, तसं अप्पांनी माझं मनगट धरलं. "ऱ्हाऊ द्या."

किती वेळ गेला कोण जाणे. शेजारची एक बाई दारात डोकावून गेली. अप्पांचे ओठ हलत होते. आणि मग काकूंच्या कपाळाला आठी पडली. आजारी माणसाची नव्हे, काम खोळंबलेल्या बाईची आठी. पहिलं बोट थरथरलं, उचललं गेलं आणि कडेवर पडलं. पिन हलली नाही. पुन्हा उचललं, पुन्हा पडलं. तिसऱ्या टिचकीला 'अंगणात' सुटलं आणि गाणं पुढं निघालं.

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. अप्पा मात्र तसेच बसून होते, पुढचं ऐकत.

दुसरं कडवं आलं. उमरग्याच्या त्या रेकॉर्डला तिथं काहीच खोट नव्हती. 'मागे वळून' एकदाच आलं, आणि गाणं सरळ पुढं गेलं. पण त्या शब्दांच्या आधीच काकूंचं बोट वर उठलं होतं, वाट पाहत थांबलं होतं. शब्द आले आणि टिचकी पडली. चुकली नाही, उशिरा पडली नाही, पहिल्याहून जोरात पडली.

अप्पा हळूच म्हणाले, "मास्तर, हितं तर अडकली नव्हती."

"नव्हती," मी म्हणालो.

"आमची अडकायची." एवढं बोलून त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. मग उठले आणि रेकॉर्ड पुन्हा पहिल्यापासून लावली.

दुसऱ्या दिवशी ते खिडकीशी आले. उमरग्याला पोच द्यायची होती. मी कार्ड पुढं ओढलं, टाक उचलला. अप्पांनी जाळीवर दोनदा फुंकर मारली.

"ल्ह्या, मास्तर. माल मिळाला. ठिवून घेतला. आमच्या घरात टिचकी मारनारं मानूस हाय."