मागच्या दारासाठी काहीतरी

"लू, इमोजीनला घरी आणण्याआधी मागच्या दाराला कडी लाव. वर लाव, तिचा हात पोचणार नाही अशी."

ऑर्व्हिल स्टॅम्परचं हे शेवटचं कामाचं वाक्य. त्यानंतर तो दोन दिवस होता, पण ते दोन्ही दिवस त्यानं पावसापाण्याविषयी बोलण्यात घालवले. त्याच्या बायकोनं, ल्युएलानं, त्याचा हात धरून "लावते" असं म्हटलं होतं. आणि केंटकीतल्या पिकेट्स फोर्ड गावात ल्युएला स्टॅम्परच्या "लावते"ला वजन होतं. बुधवारची प्रार्थना तिनं एकतीस वर्षांत एकदाच चुकवली होती, तीही ऑर्व्हिलच्या दफनापायी, आणि त्याबद्दलही तिनं देवाची क्षमा मागितली होती.

इमोजीन ही तिची थोरली बहीण. काउंटीच्या वृद्धाश्रमात होती. तिला गाणी सगळी आठवत, माणसं निम्मी आठवत, आणि आपण कुठं राहतो हे अजिबात आठवत नसे. उघडं दार दिसलं की ती निघे. ल्युएलाच्या घरामागे भाजीचा वाफा होता, वाफ्यापुढे उतार आणि उताराखाली ओढा. म्हणून कडी.

सोमवारी सकाळी ल्युएला लोखंडी सामानाच्या दुकानात गेली. गल्ल्यावर ड्वेन हेन्स्ली होता. चर्चच्या रविवारच्या शाळेत 'मिस ल्युएला'नंच त्याच्याकडून दहा आज्ञा पाठ करून घेतल्या होत्या. सहावीपाशी, 'खून करू नकोस'पाशी, तो नेहमी अडखळायचा.

"मागच्या दारासाठी काहीतरी हवंय रे, ड्वेन."

ड्वेनचं हसू मावळलं. "कधीपासून चाललंय हे?"

"झाली दोन-तीन वर्षं. वारा सुटला की आपोआप उघडतं."

"आपोआप," ड्वेननं आवाज खाली आणला. "सगळे असंच म्हणतात, मिस ल्युएला. एकट्याच असता ना आता?"

"सध्या एकटीच. पण इमोजीन यायचीय."

"म्हणजे दोन बायका. बरं झालं वेळेत आलात." तो तिला दुकानाच्या आतल्या अंगाला घेऊन गेला. पूर्वी तिथं खिळे, बिजागऱ्या आणि कड्या असत. आता तिथं काचेचं लांबलचक कपाट होतं आणि त्यात मखमलीवर पिस्तुलं मांडली होती.

"अरे, मला कडी..."

"कडक? कडकच दाखवतो!"

ल्युएला हळू बोलणारी बाई. हळू बोलणाऱ्या माणसाचं वाक्य जगात कुठंच पुरं होत नाही. तिनं दुसऱ्यांदा तोंड उघडेस्तोवर ड्वेननं तिच्यासमोर गुलाबी मुठीचं एक इवलंसं पिस्तूल ठेवलं होतं आणि पलीकडच्या गावात कुणाच्या मागच्या दारातून कोण शिरलं याची हकिगत सुरू केली होती. भीती मोठी विचित्र वस्तू. दुकानात शिरताना आपल्याजवळ नसते, आणि बाहेर पडताना पिशवीत असते.

"हे खास बायकांसाठी," ड्वेन म्हणाला.

"म्हणजे कसं?"

"लहान आहे."

"लहान असलं की धक्का कमी बसतो का?"

"नाही, जास्त बसतो. पण रंग बघा ना."

ल्युएलानं वरचा सरकता भाग ओढून पाहिला. तो हलला नाही. "ड्वेन, मला लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडत नाही. चोराला म्हणू का, बाबा, एवढं ओढून दे?"

मग ड्वेननं रिव्हॉल्व्हर काढलं. ते जड होतं, त्यामुळे हाताला झटका कमी देईल, आणि त्यात ओढाओढी नव्हती. पण त्याचा चाप आवळायला सांधेदुखीच्या बोटांना सरावाची गरज होती. सराव दुकानामागच्या नेमबाजीच्या रेंजवर होई. आणि त्या रिव्हॉल्व्हरच्या गोळ्यांवर रोज सराव करायचा म्हणजे मनगट आठवड्यात कामातून जाणार. म्हणून सरावासाठी बारीक गोळीचं दुसरं पिस्तूल.

"पण मग सराव एकावर आणि वेळ आली तर दुसरं?" ल्युएलानं विचारलं.

"एक रक्षणाचं, एक सरावाचं. सगळ्यांकडे असंच असतं." हे मात्र तिला पटलं. पूजेचा शंख वेगळा आणि वाजवायचा वेगळा, असं ज्यांच्या घरी असतं, त्यांनाही पटेल.

फॉर्म भरायचा होता. आपण फरार आहात का, असा एक प्रश्न होता. गेल्या बारा वर्षांत आपण गावाबाहेर फक्त दातांसाठी गेलो आहोत, असं ल्युएलानं प्रामाणिकपणे लिहिलं. ड्वेननं तिला नुसतं "नाही" लिहायला लावलं. मंजुरी नऊ मिनिटांत आली. सख्ख्या बहिणीला घरी आणण्याचा अर्ज तिनं काउंटीच्या कचेरीत दिला होता, त्याला तेव्हा साडेचार महिने झाले होते.

आता दोन हत्यारं घरात उघडी ठेवणं बरं नव्हे, विशेषतः इमोजीन येणार असताना. म्हणून पोलादी तिजोरी आली. ती गुडघ्याएवढीच होती, पण वजनानं अशी, की स्वयंपाकघराच्या लाकडी जमिनीनं तिला बघूनच कुरकुर केली. सिमेंटची जमीन घरात एकाच ठिकाणी होती, मागच्या पडवीत. तिजोरी मागच्या दाराशी ठेवली गेली.

"दार लागत नाही हं पण," ल्युएलानं ड्वेनला आठवण केली.

ड्वेन विचारात पडला. उघड्या दाराशी तिजोरी, म्हणजे चोराला आमंत्रण. त्यानं तिजोरीवर रोखलेला एक कॅमेरा बसवला. तिजोरीजवळ पान जरी हललं तरी ल्युएलाच्या फोनवर निरोप येणार. शिवाय दारावर एक पाटी लावली: 'या घरात बंदूक आहे'. आजवर त्या घरात चोरण्यासारखं काय आहे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ती उणीव पाटीनं भरून काढली.

चर्चमध्ये बायकांनी तिचं कौतुक केलं. कुणी म्हणालं, "ऑर्व्हिल असता तर किती बरं वाटलं असतं त्याला!" पाद्रीबुवांनी त्या बुधवारी, परमेश्वर हाच आमचा गड आहे, यावर प्रवचन केलं, आणि शेवटी रेंजवर चर्चच्या सभासदांना सवलत असल्याचं जाहीर केलं. ल्युएलाला कडी आठवत होती. रोज रात्री ऑर्व्हिलच्या फोटोपुढे ती "उद्या लावते" म्हणे. पण उद्याला रेंज असे, परवा कॅमेऱ्याचा माणूस येई. नेम धरायला एक दिवस पुरतो. तो पाळू न देणारी माणसं मात्र आपुलकीनं येतात, आणि येताना केक घेऊन येतात.

अखेर काउंटीच्या मिस प्रुइट घर तपासायला आल्या. त्यांच्या हातात सात पानी फॉर्म होता.

"घरात हत्यारं आहेत?"

"दोन."

"कुलूपबंद?"

ल्युएलानं तिजोरी दाखवली. मिस प्रुइटनी तिच्यावर प्रेमानं हात फिरवला. "वा. अशी तर आमच्या खजिन्यातही नाही." त्यांनी खूण केली. "कॅमेरा? आहे. पाटी? आहे. 'घराची सुरक्षा' - उत्तम."

"बाई, एक सांगायचं होतं. या दाराला कडी नाही."

मिस प्रुइटनी सातही पानं उलटून पाहिली. "कडीचा रकाना नाही."

"पण माझी बहीण उघड्या दारातून चालू लागते हो. खाली ओढा आहे."

"'घराची सुरक्षा' म्हणजे बाहेरून आत येणाऱ्यापासून. आतून बाहेर जाणं हे आमच्याकडे येत नाही. ते 'हालचाल व व्यायाम'मध्ये येतं." त्यांनी ते पान उघडलं. "रोज चालते म्हणता? छान. तिथंही उत्तम लिहिते."

अशा रीतीनं ल्युएला स्टॅम्परचं घर काउंटीतलं सर्वांत सुरक्षित घर ठरलं आणि शुक्रवारी इमोजीन एका सुटकेसनिशी तिथं राहायला आली.

"घर छान आहे गं तुझं," इमोजीन म्हणाली. "इथं कोण राहतं?"

"आपण दोघी."

"आणि तो उंच माणूस?"

"ऑर्व्हिल? तो गेला, इमो."

"कुठं गेला?" इमोजीननं विचारलं. ल्युएलानं तिच्यापुढे मक्याच्या पावाचा तुकडा आणि ताक ठेवलं.

शनिवारी सकाळी ल्युएला पुढच्या खोलीत तिजोरीचे आकडे पाठ करत बसली होती. आकडे तीनदा चुकले तर तिजोरी कर्कश ओरडते आणि मग दहा मिनिटं देवालाही उघडत नाही. तेवढ्यात फोन किणकिणला. तिनं चष्मा लावून निरोप वाचला: 'तिजोरीजवळ हालचाल. तिजोरी सुरक्षित आहे.'

"देवा, तुझे उपकार," ल्युएला म्हणाली आणि पुन्हा आकड्यांकडे वळली.

उरलेले दोन आकडे पाठ होईपर्यंत चार-पाच मिनिटं गेली असतील. मग तिच्या लक्षात आलं, की स्वयंपाकघरातलं इमोजीनचं गाणं थांबलंय.

मागचं दार वाऱ्यावर हलत होतं. वाफ्यातल्या घेवड्यावर सपातांचे ठसे होते. ल्युएला त्या वयात ज्या वेगानं पळू नये त्या वेगानं उतार उतरली. इमोजीन ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभी होती. झगा फुगून पाण्यावर तरंगत होता, एक सपात वाहून गेली होती. आणखी दोन पावलं, आणि पुढे डोह होता.

"इमो! हलू नकोस. मी येतेय."

"अगं, ओरडतेस काय? दार उघडं होतं. मला वाटलं, तुझा तो उंच माणूस आला. बघायला आले."

ल्युएलानं तिला काठावर ओढून घेतलं आणि दोघी चिखलात बसून राहिल्या. इमोजीन कुडकुडत गात होती. ल्युएलाला रडू येत होतं, पण ते ती नंतरसाठी ठेवत होती.

इमोजीनला कोरडे कपडे घालून, हाताला धरून ती थेट दुकानात गेली. ड्वेननं सगळं ऐकून घेतलं. त्याचा चेहरा खरोखर उतरला.

"ओढ्यावर, एकट्या?" तो म्हणाला. "मिस ल्युएला, मग यांच्याजवळही काहीतरी हलकंसं असायला हवं."

त्या दिवशी पिकेट्स फोर्डमध्ये एक अभूतपूर्व गोष्ट घडली. ल्युएला स्टॅम्पर मोठ्यानं बोलली.

"ड्वेन हेन्स्ली! कडी. दाराची कडी. क, डी."

दुकानातल्या कुणीतरी काचेच्या कपाटावरून हात काढून घेतला. ड्वेन आत गेला. बराच वेळ खोकी सरकवल्याचे आवाज आले. आतलं सगळं ल्युएलाला दिसत होतं: एकशे चाळीस बंदुका असलेल्या त्या दुकानाचं मागचं दार सुतळीनं खुंटीला बांधलेलं होतं. शेवटी मासेमारीच्या गळांखालून ड्वेननं एक जुनी लोखंडी कडी आणली, चार स्क्रूंसकट.

"एक विचारू?" तो ओशाळून म्हणाला. "कुणी आत येऊ नये म्हणून, की कुणी बाहेर जाऊ नये म्हणून? त्यावर ती कुठं बसवायची ते ठरतं."

ल्युएलानं कडी हातात घेतली. "हे पहिल्या दिवशी का नाही रे विचारलंस?"

"ते दुसरं कारण इथं कुणी सांगतच नाही हो, मिस ल्युएला."

त्यानं कडीसाठी फॉर्म शोधला. कडीला फॉर्म नव्हता.

घरी आल्यावर ल्युएलानं ऑर्व्हिलच्या पेटीतून स्क्रूड्रायव्हर काढला. इमोजीनला पडवीतल्या खुर्चीत बसवलं आणि चारही स्क्रू तिच्या मुठीत दिले. कडी वर लावायची होती आणि ल्युएलाचा हात तिथवर पोचत नव्हता. तिनं इकडंतिकडं पाहिलं, मग चौकटीला धरून तिजोरीवर चढली. तिजोरी गुडघ्याएवढी, भक्कम आणि तसूभर न हलणारी. घराला तिचा पहिला उपयोग झाला. फोन किणकिणला: 'तिजोरीजवळ हालचाल. तिजोरी सुरक्षित आहे.'

हे वाचून ज्यांना हसू येत असेल, त्यांनी जरूर हसावं. फक्त त्याआधी आपल्या दाराची तीन कुलपं, फाटकावरचा पहारेकरी आणि जिन्यातला कॅमेरा यांना एकदा विचारून यावं, की घरातलं कोण आत्ता कुठं आहे.

"कुणाला बाहेर ठेवतेस गं, लू?" इमोजीननं खालून विचारलं. लू हे नाव तिला त्या दिवशी प्रथमच आठवलं होतं.

"कुणालाच नाही," ल्युएला म्हणाली. "पहिला स्क्रू दे."