तोंड मिट, नवरदेवा

आमच्या शेजारची सुमन मांडवात शिरली की नवरदेवाला पहिलं वाक्य बोलते ते "तोंड मिट". नमस्कार नाही, अभिनंदन नाही. नवरदेव इंजिनियर असो की फौजदार, फेटा बांधला की त्याचा जबडा आपोआप खाली येतो असं तिचं म्हणणं आहे, आणि तिच्यामागं इतकी लग्नं हिंडून मलाही ते पटलंय. एकदा एका नवरदेवाच्या बापाला राग आला. म्हणाला, "बाई, आज त्याचं लग्न आहे. जरा मानानं बोला." सुमननं कॅमेऱ्यावरचा डोळा काढला नाही. म्हणाली, "फोटो कायमचा आहे साहेब, लग्नाचं मला माहीत नाही. तुम्ही पण मिटा."

त्यांनी मिटलं. अल्बममध्ये बापलेक दोघंही शहाणे दिसतात.

सुमन लग्नाचे फोटो काढते. पडेगावात तिचं आणि माझं घर भिंतीला भिंत लावून आहे. त्यामुळं ती घरात काय बोलते ते मला माझ्या ओट्यापाशी ऐकू येतं आणि मी काय पुटपुटते ते तिला. स्टुडिओ गुलमंडीत आहे, कापडाच्या दुकानावर, अरुंद जिन्यानं वर. तो तिच्या नवऱ्यानं, दिगंबरनं टाकला. दिगंबर चांगला माणूस, पण संथ. त्याचा फोटो निघेपर्यंत समोर उभी केलेली पोरं वयात यायची. त्यांची एकुलती एक मुलगी रूपाली बालवाडीत होती तेव्हा तो हार्ट अटॅकनं गेला. त्या लग्नसराईतली लग्नं त्यानं आधीच धरून ठेवली होती. दीर म्हणाला, कॅमेरा विकून टाकू. सुमन म्हणाली, "आधी तुमची मोटारसायकल विका, ती नुसतीच उभी असती." आणि कॅमेरा गळ्यात अडकवून लग्नाला गेली.

त्या पहिल्या लग्नात तिनं सगळ्यांची मुंडकी उडवली. वरातीच्या फोटोंत घोडा तेवढा शेपटीपासून कानापर्यंत पूर्ण आला. मुलाकडचे भांडायला आले, तर म्हणाली, "घोडा एकटाच नीट उभा होता. तुम्ही नाचत होता."

मग रशीदभाईनं तिला शिकवलं. रशीदभाई म्हणजे दिगंबरच्या वेळेपासून लाइट धरणारा माणूस. तो तिला भाभी म्हणतो आणि तिचा फोटो चुकला की मान हलवून "गया, भाभी, गया" एवढंच म्हणतो. हे "गया" ऐकायला लागू नये म्हणून ती शिकली, असं मला वाटतं. आता ती साडीवर पोरांचे स्पोर्ट शूज घालते, स्टेजवर चढते आणि आमदाराला सुद्धा हाताला धरून बाजूला सारते.

मी चौथी शिकलेली. कॅमेऱ्यातलं मला काही कळत नाही. मी तिच्याबरोबर जाते ती जेवायला. तिच्या बॅगांपाशी बसायचं आणि पानं वाढली की उठायचं, एवढंच माझं काम. ते मी चोख करते.

हल्ली लग्नाच्या आधीही फोटो काढतात. दौलताबादच्या रस्त्याला, मागं किल्ला येईल अशा जागी, पोरगी लांब शेपटीचा झगा घालते, पोरगा गॉगल लावतो, आणि दोघं एकमेकांना आत्ताच बघितल्यासारखी चालतात. बँकेतल्या एका पोराला सुमन म्हणाली, "उचल तिला." त्यानं उचललं. "अजून वर. तीच दिसती, किल्ला दिसत नाही." त्यानं अजून वर उचललं. किल्ला आला, पण पोराची कंबर गेली. लग्नात तो शेरवानीच्या आत पट्टा बांधून उभा होता आणि वाकून नमस्कार करायची वेळ आली की आईकडं बघायचा. पोरगी मात्र खूश. फोटोत तिला वजनच नव्हतं.

मागच्या वर्षी शहरातल्या फोटोवाल्यांनी मिळून लग्नाच्या फोटोंची स्पर्धा ठेवली. रशीदभाईनं सुमनला न विचारता तिचा एक फोटो पाठवून दिला. अंतरपाटाचा. एका बाजूला नवरदेव टाचा उंच करून पलीकडं डोकावतोय, दुसऱ्या बाजूला नवरी मान खाली घालून तोंडावर हात धरून उभी, डोळ्यांत पाणी. त्याला पहिलं बक्षीस मिळालं. बक्षीस देताना परीक्षक म्हणाले, माहेर सुटण्याची सगळी वेदना या एका चेहऱ्यात उतरली आहे. माझ्या शेजारच्या बाईनं रुमाल काढला. सुमन माइकपाशी गेली आणि म्हणाली, "जांभई आहे ती. पोरगी रात्रभर मेंदीला बसली होती."

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. पण बक्षिसाच्या काचेवर नाव लिहून झालं होतं.

मग तिला म्हणाले, नव्या पोरांना काही तंत्र सांगा. पोरांनी मोबाइल वर धरले.

"तंत्र म्हणजे," सुमन म्हणाली, "गुरुजींना आधी चहा पाजा. चहा पिलेला गुरुजी सरकतो, उपाशी गुरुजी सरकत नाही. मग कोठीच्या किल्ल्या कुणाकडं आहेत ते बघा आणि त्या बाईचा फोटो पहिला काढा. दिवसभर तुमच्या जेवणाची काळजी मिटली. प्रत्येक लग्नात एक मावशी रुसलेली असती. तिला हुडकून ग्रुप फोटोत मधोमध उभी करा. नाहीतर अल्बम आल्यावर तीच सांगत फिरती की फोटो वाईट आलेत. आणि कुणाला हसा म्हणू नका. हसा म्हटलं की माणूस दात दाखवतो, ते दाताच्या डॉक्टरचं काम. त्यापेक्षा नवरदेवाला विचारा, बघायला गेला होता तेव्हा पोहे खारट होते का. तो काय बोलतो म्हणून नवरी वळून बघती. तिथं बटण दाबा."

एक दाढीवाला पोरगा उठला. "मॅडम, तुम्ही एवढ्या जवळ कशा जाता? आम्हाला तर बायका हाकलतात."

"कोपरानं."

"नाही म्हणजे, लेन्स कुठली?"

"लेन्स कोपराच्या मागून येती."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. घरी येताना रिक्षात ती म्हणाली, "काकू, काय बोलले मी? मला काय आठवत नाय." मी म्हटलं, "बरं झालं."

काचेचं ते बक्षीस तिनं फ्रिजवर ठेवलं आणि नंतर महिनाभर तिला धरवेना. भाजीवाल्याला सांगायची, कोथिंबीर उजेडाकडं तोंड करून ठेव. माझ्या नातवाच्या मुंजीचा फोटो भिंतीवर आहे, तो बघून म्हणाली, यात सगळ्यात जिवंत टेबलफॅन आहे. मी तिला चहा न देता परत पाठवली.

त्याच हिवाळ्यात रूपालीचं लग्न ठरलं. रूपाली वाळूजला कंपनीत नोकरी करते. मुलगा फुलंब्रीचा, शहरात कामाला रोज ये-जा करणारा, बोलायला बरा. सगळं नीट जमलं आणि सुमननं जाहीर केलं की पोरीच्या लग्नाचे फोटो, हळदीपासून सासरी पाठवेपर्यंत, सगळे मीच काढणार. ओट्यापाशी मला भिंतीतून ऐकू आलं.

"आई, दोन दिवस कॅमेरा ठेव. मला लग्नात आई पाहिजे, फोटोवाली नको."

"दुसऱ्यानं काढले तर तुझं नाक बटाट्यासारखं येईल."

"येऊ दे. माझ्या अल्बममध्ये माझी आईच नसणार का?"

"असणार की. खाली कोपऱ्यात नाव असतंय."

नंतर भांडं आपटल्याचा आवाज आला. कुणी आपटलं ते भिंतीतून कळत नाही.

गल्लीत चर्चा झाली. कुणी म्हणालं सुमन चिकट आहे. कुणी म्हणालं, आता हिला दुसऱ्याच्या हातचा फोटो पसंत कसा पडेल. मलाही तेच वाटत होतं. मी पाठीमागं बोलत नाही, मी तोंडावर विचारलं. "सुमन, बक्षीस डोक्यात गेलं का गं?"

"व्हय काकू," ती म्हणाली. "लई आत गेलं."

आई आणि मुलगी, दोघी एकाच घरात आठवडाभर रशीदभाईमार्फत बोलत होत्या.

हळद सुमनच्या दारात, छोटा मांडव घालून होती. दिगंबरची बहीण मालन गावाकडून आली होती आणि कारभार तिच्याकडं होता. मालन वाईट बाई नाही. तिला रीत माहीत आहे, आणि ती मोठ्यानं माहीत आहे. नवरीला हळद सवाष्णींनी लावायची. नवरा गेलेल्या बाईनं लावायची नाही, मग ती नवरीची आई का असेना. असं कुणी भांडून सांगत नाही. "तुम्ही जरा तिकडचं बघा" एवढंच म्हणतात. आमच्यासारख्यांची जागा मागं, भिंतीला, चहाच्या पातेल्यापाशी. माझा नवरा जाऊन लई वर्षं झाली, मला त्या जागेचं काही वाटत नाही. तिथं चहा गरम मिळतो आणि कुणाच्या साडीच्या निऱ्या चुकल्यात ते पाठीमागून नीट दिसतं.

सुमन अर्थातच मधोमध होती. "वन्सं, पोट आत. पिवळी साडी, तू खाली बस, तू भिंतीसारखी आलीस. सरका, उजेड अडवू नका." सवाष्णी एकेक येत होत्या, हळद लावत होत्या, सुमन फोटो काढत होती. पाटावर रूपाली तोंड फुगवून बसली होती. आईनं बटण दाबलं की ती मुद्दाम खाली बघायची.

सगळ्या सवाष्णींचं झालं आणि कॅमेऱ्याची बॅटरी संपली. सुमननं लेन्सवर काळं झाकण बसवलं आणि कॅमेरा रशीदभाईकडं दिला. तो बॅटरी बदलायला खुर्चीवर बसला. हात मोकळे झाल्याबरोबर सुमन मांडवाच्या मधून निघाली आणि सरळ मागं, माझ्या शेजारी भिंतीला येऊन उभी राहिली. कुणी तिला जा म्हटलं नव्हतं. मालनचं तर लक्षही नव्हतं. पदर पोटाशी आवळून, पाय जुळवून, कुणाच्या वाटेत येऊ नये अशी ती उभी होती. मी तिला इतकी वर्षं बघते. एवढी कमी जागा घेऊन उभी राहिलेली मी तिला कधी बघितली नव्हती.

तेव्हा मला कळलं की बक्षीस कुठंच गेलं नव्हतं, फ्रिजवरच होतं. कॅमेरा गळ्यात नसता तर पोरीच्या हळदीला तिची जागा माझ्याशेजारी होती. इतक्या परक्या पोरींच्या हळदीत ती पाटाला गुडघा लावून बसलेली मी बघितली, आणि मी आपली त्यांच्या जेवणाची वाट बघत बसले होते.

"चहा घेतीस?" मी म्हटलं.

"नको," ती म्हणाली. ती रूपालीकडं बघत होती.

"हो गया, भाभी," रशीदभाई म्हणाला.

तिनं कॅमेरा गळ्यात अडकवला आणि चालत पुढं गेली. "सरका." बायका सरकल्या. ती पाटासमोर बसली, पोरीच्या तोंडाकडं नीट बघितलं आणि कपाळाला आठी घातली.

"वन्सं, ही काय हळद लावली? एका गालाला हाय, एका गालाला नाय. फोटोत पट्टे दिसतील."

"अगंबाई," मालन म्हणाली. "मग आता?"

"वाटी इकडं धरा. अजून खाली. सावली पडतीय. बाकीच्यांनी हलू नका."

मालननं वाटी धरली. बायका पोटं आत ओढून उभ्या राहिल्या. सुमननं वाटीत बोटं बुडवली आणि पोरीच्या पायांना हळद लावली. मग गुडघ्यांना. मग खांद्यांना.

"फोटोत पाय कुठं येतात?" पिवळी साडी म्हणाली.

"माझ्या फोटोत येतात," सुमन म्हणाली, आणि दोन्ही हातांनी पोरीच्या दोन्ही गालांना हळद लावली. सावकाश. कपाळाला लावली.

कॅमेरा गळ्यात लोंबत होता आणि लेन्सवरचं काळं झाकण तसंच होतं. ती विसरली असेल असं मी म्हणणार नाही. रशीदभाईला ते दिसलं. त्यानं तोंड उघडलं, "भाभी, वो ढक्कन..." मी चहाचा कप त्याच्या हातात कोंबला. "गरम है," मी म्हटलं.

रूपालीनं वर बघितलं. समोर झाकण होतं, वर आईचं तोंड. तिची हनुवटी थरथरायला लागली.

"हलू नको," सुमन म्हणाली.

"नाय हलत," रूपाली म्हणाली, आणि सगळी हलत होती.

मालन अजून वाटी धरून, मान ताठ करून उभी होती. ओठ न हलवता तिनं विचारलं, "आला का गं नीट?"

"लई भारी आला, वन्सं," सुमन म्हणाली. मग उठली, पिवळ्या बोटांनी लेन्सवरचं झाकण काढलं आणि कमरेला खोचलं.