हिरव्या लुगड्यातले तात्या

दिवस कलायला लागला की आमचे शेजारी भानुदासतात्या अंगावर हिरवं लुगडं घेत. नेसत नसत; धोतर-बंडीवरूनच खांद्याभोवती गुंडाळत आणि पदर थेट टोपीवरून पुढं ओढत. मग झुबकेदार मिशांखालून जमेल तेवढा बारीक आवाज काढून हाक मारत, "या गं बायांनो, या." तिसगावात नवा आलेला माणूस हे पाहून दोन पावलं मागंच सरे. आम्हाला मात्र त्यावरून दिवा लावायची वेळ कळे.

लुगडं तात्यांच्या बायकोचं, गयाकाकूंचं. कोंबड्याही त्यांच्याच. काकू होत्या तोवर तात्यांचं कोंबड्यांशी हाडवैर. ओसरीवर घाण झाली की म्हणायचे, आता या घरात एक तर ह्या राहतील नाहीतर मी. काकू शांतपणे सांगायच्या, कोंबड्या निदान अंडी तरी देतात. पुढं काकूच गेल्या. मागं तात्या, त्यांची मुलगी शांता आणि कोंबड्या राहिल्या.

पंचाईत अशी झाली की काकूंच्या हाकेशिवाय कोंबड्या खुराड्यात जाईनात. संध्याकाळी अंगणातल्या कडुलिंबावर जाऊन बसू लागल्या. दुष्काळाचे दिवस, रानात खायला काही उरलं नव्हतं, म्हणून एक उदमांजर गावात शिरलेलं. त्याला झाड म्हणजे जिनाच. सकाळी लिंबाखाली पिसं पडलेली दिसायची. तात्यांनी बुंध्याला बाभळीचे काटे बांधले. फांदीला रॉकेलचा रिकामा डबा टांगला; त्याच्या खडखडाटानं आम्ही जागे राहिलो आणि उदमांजर जेवून गेलं. रेशनची लाल मिलो ज्वारी खुराड्यापुढं टाकली, ती चिमण्यांनी खाल्ली.

एके दिवशी शांतानं आईचं लुगडं धुऊन दोरीवर वाळत घातलं. संध्याकाळी बघतो तर साऱ्या कोंबड्या लिंब सोडून त्या लुगड्याखाली उभ्या. तात्यांनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून लुगडं त्यांच्या अंगावर आलं. मी नेसते की, असं शांता म्हणाली, तर तात्यांचं उत्तर तयार होतं. "तू उद्या सासरी जानार. मुक्या जिवांना दोनदा पोरकं कशाला करायचं?"

गाव हसलं. तात्यांना त्याचं काही नव्हतं. "मला काय कोंबड्यांचं कौतुक न्हाई," असं सगळ्यांना बजावत ते रोज पदर घेतच राहिले. पिसं पडायची थांबली. मला त्या माणसाचं भारी कौतुक वाटे. अशी छाती आमच्यापैकी एकाचीही नव्हती.

शांताला पाहायला पाथर्डीकडचे पाहुणे आले, ते नेमके उशिरा. गुळाचा चहा होईतो ऊन कौलांवर गेलं. आम्ही सगळे तात्यांना डोळ्यांनी खुणावत होतो. मी कानाशी जाऊन विनवलं, पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे, आजच्या दिवस बसू द्या कोंबड्यांना झाडावर. तात्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "उदमांजर काय पाव्हनं बघून थांबतंय व्हय?" आणि आत जाऊन पदर घेऊनच बाहेर आले.

मुलाचा बाप बशी तोंडाशी धरून तसाच राहिला. शांता रडकुंडीला आली. मुलाची आई आधी तोंडाला पदर लावून हसली, मग तिनं मला विचारलं, लुगडं कुणाचं? मी सगळं सांगितलं. ती उठून दारात गेली आणि शेवटची कोंबडी खुराड्यात शिरेपर्यंत उभी राहिली. परत आली ती डोळे पुसत.

"कुंकू आना," ती म्हणाली. "पोरगी आमची."

शांता सासरी गेली. दुष्काळ सरला, उदमांजरही पुन्हा रानाकडं वळलं. काकूंच्या वेळच्या कोंबड्या म्हाताऱ्या होऊन एकेक करत संपल्या. नव्यांनी काकूंना पाहिलेलंच नव्हतं. तात्या नुसते खाकरले तरी त्या धावत येत. तात्यांचं लुगडं मात्र सुटलं नाही. विरून विरून त्याची जाळी झाली होती. एका संध्याकाळी न राहवून मी म्हणालो, तात्या, आता कोंबड्यांना याची गरज नाही, पेटीत ठेवून द्या.

तात्यांनी खुराड्याची कडी लावली.

"मला काय कोंबड्यांचं कौतुक न्हाई," डोक्यावरचा पदर सारखा करत ते म्हणाले. "पर सांजच्याला आंगनात यायची तिला सवय हुती. आता कोंबड्या आपसूक येत्यात म्हनून तिला नको यिऊ म्हनू व्हय?"