मेश्रामांची तांत्रिक सभा

मेश्राम वाढदिवसाला आले तरी ठराव मांडायचे. माझ्या मुलीचा केक कापायच्या आधी ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "मेणबत्त्या विझवायला या सभेची मंजुरी आहे, असं मी समजतो. कोणाची हरकत?" हरकत कोणाचीच नव्हती. तरीही माझ्या नवऱ्यानं अनुमोदन देईपर्यंत त्यांनी पोरीला फुंकर मारू दिली नाही.

हे नव्वदच्या दशकातलं, मिशिगनमधल्या आमच्या युनिव्हर्सिटीच्या गावातलं. आम्ही विद्यार्थ्यांच्या वसाहतीत राहायचो आणि मेश्राम आमच्या वरच्या मजल्यावर, एकटे. मूळचे नागपूरचे. पीएचडीचा विषय झारच्या रशियातल्या इंजिनियरांच्या सभा. कधी संपणार, हे विचारायचं नाही, असा बिल्डिंगमध्ये अलिखित नियम होता.

त्या इंजिनियरांना ते 'आमची मंडळी' म्हणायचे, जणू नागपूरच्या इतवारीत शेजारीच राहत होती.

"वहिनी, झारच्या राज्यात चार माणसं जमवायची तर परवानगी लागायची. मागच्या बाकावर पोलिसांचा माणूस. 'आम्हाला हक्क द्या' म्हटलं की थेट सायबेरिया! मग आमची मंडळी काय म्हणायची? 'साहेब, शहरातल्या नळाचा एक तांत्रिक प्रश्न आहे.' नळाला कोण नाही म्हणणार? मग नळावरून शाळा, शाळेवरून कामगारांची घरं. सगळी सुधारणा नळातून आणली नं!"

"मॉम, हू इज झार?" मुलीनं विचारलं. मी म्हटलं, "मेश्रामकाकांचे घरमालक."

एकदा मी सहज विचारलं, हाच विषय का? ते म्हणाले, "माझे बाबा वर्कशॉपात फिटर होते. हुशार माणूस. पण साहेब लोकांच्या टेबलाशी त्यांना कधी कोणी बसवलं नाही. आमच्या मंडळींच्या सभेत जमीनदाराचा मुलगा आणि कारागिराचा मुलगा शेजारी बसून बॉयलरवर भांडायचे. निदान चांगल्या दिवशी तरी. आडनाव मागं, बॉयलर पुढं."

त्या वर्षी माझ्या सासूबाई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्या. समोरच्या मोठ्या रस्त्यापलीकडे बाग होती. तिथं रोज जाऊन त्यांनी एका कोरियन आजींशी मैत्री जमवली होती. दोघींना एकमेकींच्या भाषेचं अक्षरही कळत नव्हतं, पण गप्पा तासभर चालायच्या. एके दिवशी सासूबाई रस्त्याच्या मधोमध असतानाच सिग्नल बदलला. दोन्ही बाजूंनी गाड्या सुटल्या आणि एक ट्रक भोंगा वाजवत अगदी पदराला लागून गेला. त्या कशाबशा घरी पोचल्या. नंतर बागेचं नाव नाही. खिडकीत बसून राहायच्या.

शहराच्या वाहतूक खात्याला आम्ही फोन केला. सिग्नलची वेळ नियमाप्रमाणे बरोबर आहे, असं उत्तर आलं.

मेश्रामांना हे कळलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "वहिनी, रागावू नका. हा तांत्रिक प्रश्न आहे!"

रविवारी लाँड्री रूममध्ये सभा भरली. माझा नवरा, एक चिनी सिव्हिल इंजिनियर, एक ब्राझीलची आर्किटेक्ट आणि ड्रायर थांबायची वाट बघणारे दोघेतिघे. मेश्राम अध्यक्ष. पुढचे सगळे रविवार त्यांनी आम्हाला रस्ता मोजायला लावला, म्हातारी माणसं किती सावकाश चालतात ते बघायला लावलं. यार, आपण इथं शिकायला आलोय की रस्ते मोजायला, असं नवरा कुरकुरायचा, पण जायचा.

मग नगरसभेत नागरिकांना बोलायची संधी असते, त्या संध्याकाळी आम्ही गेलो. आधीचे लोक तावातावानं बोलून बसले. मेश्राम उठले, कोटाचं बटण लावलं आणि अतिशय नम्रपणे म्हणाले, "माझी काहीच मागणी नाही. फक्त एक प्रयोग." आर्किटेक्टनं गालिच्यावर रस्त्याच्या रुंदीइतकी दोरी पसरली. मेश्रामांनी तिथं आलेल्या वाहतूक खात्याच्या साहेबांनाच घड्याळ लावायची विनंती केली. "तुमच्या सिग्नलची वेळ झाली की सांगा, सर."

नऊवारीवर माझा कोट आणि पायात बूट अशा थाटात सासूबाई दोरीच्या टोकाशी उभ्या होत्या.

"आई, तुम्ही फक्त चाला," मेश्राम म्हणाले.

"मी पळू नको ना?"

"अजिबात नाही. रोजच्यासारखं."

त्या चालू लागल्या. साहेब "टाइम" म्हणाले, तेव्हा त्या दोरीच्या जेमतेम अर्ध्यावर होत्या. त्या थांबल्या आणि वळून मोठ्यानं म्हणाल्या, "आता काय करू रे, मेश्राम?"

मेश्रामांनी त्याचं शब्दशः इंग्रजी केलं आणि साहेबांकडे बघितलं. "सर, शी इज आस्किंग, व्हॉट शुड शी डू नाउ?"

साहेब घड्याळाकडे बघत राहिले. मग नगरसभेच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "मला वाटतं, आपण आधी त्यांना रस्ता ओलांडू देऊ या." सासूबाई पलीकडे पोचल्या, तेव्हा सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. वेळ वाढवायचं तिथल्या तिथं ठरलं. महिन्याभरात सिग्नल बदलला, शिवाय रस्त्याच्या मधोमध थांबायला एक कट्टाही मिळाला. पहिल्या दिवशी सासूबाई आणि कोरियन आजी हात धरून उगाचच चार वेळा इकडून तिकडे गेल्या. गाड्या निमूट थांबल्या होत्या. कट्ट्यावर उभे राहून मेश्राम वाहतुकीला सलाम ठोकत होते.

पुढच्या रविवारी मात्र लाँड्री रूमच्या दारावर सभेची चिठ्ठी लागली नाही. मेश्रामही दिसले नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "चल, बघून येऊ." वाटेत चिनी इंजिनियर आणि आर्किटेक्ट भेटले. तेही त्यांनाच शोधत होते.

मेश्रामांनी दार उघडलं आणि गडबडले. "काम झालं नं, आई. आता सभा कशासाठी बोलवायची?"

"म्हणून आम्ही यायचंच नाही होय?" असं म्हणत सासूबाई आत शिरल्या.

इतक्या वर्षांत त्यांच्या घरात आम्ही पहिल्यांदाच पाऊल टाकत होतो. एक टेबल, एक खुर्ची, ओट्यावर पालथा घातलेला एकच कप. रविवार आला की मेश्राम माणसांना लाँड्री रूममध्ये का जमवायचे, ते मला तेव्हा कळलं.

सासूबाई खुर्चीवर बसल्या, बाकीचे खाली सतरंजीवर. आर्किटेक्ट आपल्या घरून कप घेऊन आली. मेश्रामांनी पातेलंभर चहा केला आणि ते पातेलं हातात धरून आमच्यासमोर उभे राहिले.

"अरे, ओत की. निवतोय," सासूबाई म्हणाल्या.

"ओततो, ओततो," ते म्हणाले, आणि भरलेल्या खोलीकडे बघत तसेच उभे राहिले.