कंट्रोलर कसा निवडावा

वस्तू निवडावी तर मी! घरातली गादी मी निवडली, मिक्सर मी निवडला, आणि बायकोच्या मते ‘तेव्हा दुसरं कोणी नव्हतं म्हणून’ तिचा नवराही मीच. तेव्हा गेमचा कंट्रोलर निवडणं म्हणजे माझ्या हातचा मळ!

मी लिफ्टचा मेकॅनिक. आठवडाभर अडकलेल्या लिफ्टमधून घाबरलेली माणसं बाहेर काढतो आणि उरलेल्या वेळात स्पीडरन करतो. स्पीडरन म्हणजे एखादा गेम कमीत कमी वेळात संपवायचा. माझा गेम सशाचा. बिळं, पूल, शेवटी बंद होत जाणारं दगडी दार. आमच्या ऑनलाइन गटात सात जण आहेत. विक्रम एका दातांच्या डॉक्टरच्या नावावर, वीस मिनिटं. गटात त्याला कासव म्हणतात. माझा वेळ वीस मिनिटं चार सेकंद.

“चार सेकंद कंट्रोलरनं खाल्ले! बटण दाबलं की तो आधी विचार करतो, मग उडी मारतो,” मी घरात जाहीर केलं.

“चार सेकंदांसाठी एवढा जीव काढतोस? तुला मोजे शोधायला अर्धा तास लागतो,” बायको म्हणाली.

सासूबाई सोफ्यावर विणत बसल्या होत्या. त्या निवृत्त टायपिस्ट. दोन महिन्यांपासून आमच्याकडे आहेत आणि माझा रोजचा सराव मुकाट्यानं बघतात. त्या एवढंच म्हणाल्या, “पुलावर तुम्ही फार घाई करता हो.”

मी हसलो. मोठ्या मनानं हसलो.

शनिवारी दुकानात गेलो ते स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन. एकेक कंट्रोलर तोलला. कानाशी धरून बटणं ऐकली. डोळे मिटून अंगठे फिरवले. हळूहळू माझ्याभोवती गर्दी जमली. एका बाईंनी विचारलं, “भाचीसाठी कुठला घेऊ?” मी त्यांना दहा मिनिटं समजावलं. मग आणखी दोघांना समजावलं. तिघंही काही न घेता निघून गेले.

दुकानदार हात जोडून म्हणाला, “साहेब, तुम्हाला कुठले आवडले?”

“दोन आवडलेत. एक हलका, एक जरा जड. ठरत नाहीये.”

“दोन्ही घरी न्या! तीन दिवस वापरा! पण आत्ता न्या!”

घरी दोन्ही कंट्रोलर टीव्हीखालच्या मशीनला जोडले. संध्याकाळभर परीक्षा घेतली आणि हलका पास झाला. जड तसाच सोफ्यावर राहिला.

रविवारी सकाळी दहाची वेळ ठरली. सोफ्याकडे पाठ करून जमिनीवर बसलो आणि बाजूला तिरका फोन उभा केला, म्हणजे गटाला मीही दिसेन आणि टीव्हीही. त्यांचे आवाज बंद केले, एकाग्रता हवी ना! मेसेज तेवढे दिसत होते. सगळे हजर होते, कासवसुद्धा.

सुरू!

आणि मंडळी, काय सांगू! ससा वाऱ्यासारखा सुटला. माझा अंगठा हलायच्या आत त्याची उडी पूर्ण! माझ्या मनात यायच्या आत तो बिळात! पुलावर तर तो क्षणभर थांबला, फळी खाली येऊ दिली आणि अलगद पार झाला. असं आपल्याला सुचतं हे मलाच माहीत नव्हतं!

“याला म्हणतात कंट्रोलर! मन वाचतो हा, मन!” मी फोनकडे ओरडलो.

कासवाचा मेसेज आला, ‘कुठला आहे?’ मी खेळता खेळता कंपनीचं नाव ओरडून सांगितलं. मिनिटाभरात त्याचा मेसेज, ‘मागवला.’

अकराव्या मिनिटाला मेसेजचा पाऊस सुरू झाला. ‘मागे बघ!’ ‘अरे, मागे बघ!’ ‘मागे!!!’

मी सशाच्या मागे बघितलं. कोणीच नव्हतं. “घाबरू नका! मागे कोणी नाही, मैदान मोकळं आहे!” मी म्हणालो. त्यावर सगळ्यांनी हसणारे चेहरे पाठवले. माझ्या आत्मविश्वासाला दाद देत असावेत.

सतराव्या मिनिटाला डोळ्यात घाम गेला. मी कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि बाहीनं डोळे पुसले. डोळे उघडले तर ससा अजून पळतोय. डावीकडे वळतोय. टुणकन नाणी वेचतोय!

मी मान वळवली.

सोफ्यावर सासूबाई. चष्मा नाकाच्या टोकावर, विणकाम बाजूला, हातात तो जड कंट्रोलर, आणि दहाही बोटं अशी चाललेली की एखादं कार्यालय पाचच्या आत पत्र मागतंय!

“आई! तुम्ही?”

“बोलू नका आता. दार बंद होतंय.”

सकाळी त्यांनी सहज तो चालू करून बघितला होता. आधी चालू झाला म्हणून मशीननं त्याला पहिला खेळाडू मानलं आणि मला दुसरा. या गेममध्ये दुसरा खेळाडूच नसतो!

“म्हटलं, पुलापर्यंत मदत करावी,” नजर न हलवता त्या म्हणाल्या. “मग वाटलं, आपण दोघं मिळूनच खेळतोय. तुम्ही इतके खूश होतात!”

आता काय करावं? रागवावं? विक्रम माझ्या डोळ्यांदेखत मोडत होता. आणि खरं सांगतो, तो मोडलेला मला हवाच होता! मी सोफ्यासमोर गुडघ्यांवर बसलो.

“आई, उजवीकडे! आता उडी! अजून एक!”

“दिसतंय मला!”

बायको स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी धावत आली. ससा दारातून सटकला, मागे दगड धाडकन बसला. एकोणीस मिनिटं एक्केचाळीस सेकंद! बायकोनं आईला मिठी मारली, मी दोघींना मारली. फोनवर सहा जण वेड्यासारखे टाळ्या वाजवत होते. कासव तर उभा राहिला होता.

आता दर रविवारी गट सासूबाईंची वाट बघतो. नव्या गेमच्या वाटा त्या वहीत लघुलिपीत उतरवतात, त्यामुळे मला चोरूनही वाचता येत नाहीत. मला गटातून काढलं नाही, हा गटाचा मोठेपणा. फक्त माझ्या नावाच्या जागी आता ‘जावई’ असं दिसतं.