पाग्यांची नाव

इंदूरला आमच्या रामबागेतल्या घरात पंधरा दिवसांतून एकदा कोणाचीही चूल पेटत नसे. उपास नव्हता, सुतक नव्हतं. वामनराव पागे त्या दिवशी आपल्या बॅटऱ्या चार्ज करत.

घरात सहा बिऱ्हाडं आणि सगळ्यांना मिळून एकच लांब ओसरी. ओसरीच्या टोकाला पाग्यांची खोली. तिच्यासमोर लाकडी फळीवर दोन काळ्या जडशीळ बॅटऱ्या शेजारी शेजारी ठेवायच्या, त्यांची बुचं काढायची, तारा एका लोखंडी पेटीला जोडायच्या आणि मग दारोदार जाऊन सांगायचं, "गॅस उठणार. शेगडी नको, विडी नको, ठिणगी नको." माझी आई आदल्या दिवशी संध्याकाळीच मला विचारून ठेवायची, "उद्या काय आहे, एकादशी की चार्जिंग?" एकादशी असली तर साबुदाणा भिजायचा, चार्जिंग असलं तर दशम्या करून ठेवायच्या.

मी तेव्हा सरकारी सूतिकागृहात नर्स होते. दोन पांढऱ्या साड्यांना बारीक बारीक भोकं पडल्यावर मी एकदा पाग्यांना धरलं. ते म्हणाले, "मालतीबाई, अॅसिडचे तुषार आहेत. बुचं काढली की उडतात." माफी वगैरे काही नाही. दुसऱ्या दिवशी ओसरीवर खडूची एक रेघ मारलेली दिसली आणि माझी वाळत घालायची दोरी रेघेच्या अलीकडे, नव्या खिळ्यांना बांधलेली. पुन्हा भोक पडलं नाही. त्यांची माफी अशी असे.

पाग्यांचे आजे-पणजे होळकरांच्या घोडदळात, पागेवर. आडनाव तिथूनच आलेलं. वामनरावांच्या वेळेपर्यंत घोडे गेले, मोटारी आल्या, म्हणून ते संस्थानच्या मोटारखान्यात लागले. पण बोली पागेचीच राहिली. बॅटरीत पाणी घालायचं नसे, पाजायचं असे. चार्जिंग म्हणजे दाणा. काचेच्या नळीत आतलं पाणी ओढून आतला तरंगणारा आकडा ते वाचत. साडेबाराशे आला की "पोट भरलं". बाराशेच्या खाली आला की "बस, आता हिला पळवायची नाही". त्यांच्या मते अर्ध्याहून जास्त दम काढून घेणारा माणूस स्वार नव्हे, खाटीक. भराभर चार्ज करणारे मोटारवाले त्यांना आवडत नसत. "चार तासांत दाणा कोंबतात, मग घोडी लंगडते. अपने को काय घाई आहे? अठरा तास लागू देत."

या बॅटऱ्या होत्या एका बोटीच्या. बिलावलीच्या तलावावर पाणीखात्याची एक लहान लाकडी बोट होती. तलावातलं पाणी शहराला प्यायला येई, म्हणून पेट्रोलचं इंजिन चालत नसे. बोटीच्या मागच्या बाजूला विजेची एक छोटी मोटर अडकवलेली होती. संस्थानच्या कोणा विलायती पाहुण्याने मासे पकडायला आणली आणि जाताना इथेच टाकून गेला, असं पागे सांगत. तिच्यावर पागे रोज तलावाच्या मधल्या बुरुजापर्यंत जात, पाण्याची पातळी बघत, जाळीतलं शेवाळ काढत आणि परत येत. मोटारखान्यातून पाणीखात्यात आल्यापासून त्यांचा हुद्दा बोट-मेकॅनिक. संस्थानं विलीन होऊन मध्यभारत झाला, तेव्हा तलावावरचं चार्जिंगचं मोठं यंत्र कुठल्याशा यादीत बसून ग्वाल्हेरला गेलं. तेव्हापासून बॅटऱ्या टांग्यातून रामबागेत येऊ लागल्या आणि आम्ही दशम्या खाऊ लागलो.

ग्वाल्हेरला, नव्या राज्याच्या कचेरीत, आणखी एक यादी गेली, तिथून सगळं सुरू झालं.

सगळ्या नोकरांची माहिती मागवली होती. इंदूरच्या कारकुनाने होळकरशाहीच्या सवयीने ती मराठीत लिहिली. पहिल्या रकान्यावर 'नाव', दुसऱ्यावर 'वय', तिसऱ्यावर 'काम', आणि खाली बेचाळीस माणसं. ग्वाल्हेरला ती भिंडकडच्या एका हिंदी कारकुनाच्या हाती पडली. हिंदीत नाव म्हणजे होडी. महिन्याभराने विचारणा आली, की एका तलावासाठी विभागाकडे बयालीस नावें किस प्रयोजन से रखी गई हैं. खाली खास एक ओळ होती: वामन पागे नामक नाव इक्यावन वर्ष पुरानी है, इसे अब तक निरस्त क्यों नहीं किया गया?

पाग्यांनी तो मजकूर तोंडपाठ केला आणि ओसरीवर प्रत्येकाला स्वतंत्रपणे ऐकवला. आठवडाभर आम्ही त्यांना विचारत होतो, "काय वामनराव, कुठून गळताय का?" ते गंभीरपणे म्हणत, "अजून नाही."

खात्याने उलट कळवलं, की नाव एकच आहे, बाकीची माणसं आहेत. पण एकदा लक्ष गेलं ते गेलं. नव्या राज्याच्या पदांच्या यादीत बोट-मेकॅनिक असं पदच नाही, असं निघालं. ग्वाल्हेरचे साहेब स्वतः बघायला येणार असं ठरलं. दोन माणसं घेऊन बोट बुरुजापर्यंत दोन फेऱ्या न थांबता करील तर बोट राहील आणि पद यादीत चढेल. नाही तर बोट भंगारात आणि पागे घरी.

जुन्या बॅटऱ्या थकल्या होत्या. नव्या घ्यायला खात्याने मंजुरी दिली आणि पागे सियागंजच्या बाजारात गेले. मला ड्रेसिंगसाठी पत्र्याचा डबा हवा होता म्हणून मी बरोबर होते. दुकानदाराने मोटारीची चकचकीत बॅटरी काढली. पाग्यांनी ती दोन्ही हातांनी उचलून बघितली आणि खाली ठेवली. "हलकी आहे. प्लेटा पातळ. ही एक उडी मारते आणि बसते. मला उडी नको, चाल पाहिजे. जाड प्लेटांची दाखवा." मग दोन्ही बॅटऱ्या एकाच महिन्यात बनलेल्या हव्यात, हा हट्ट. जोडीतली एक म्हातारी असली तर ती तरुणीचाही दम खाते म्हणे. शेवटी त्यांनी पिशवीतून मोटारीचा दिवा काढला, बॅटरीला जोडला आणि तो किती वेळ जळतो ते बघत दुकानातच बसले. दुकानदार म्हणाला, "पागे साब, बैटरी लेने आए हो कि रिश्ता करने?" पागे म्हणाले, "रिश्त्यात एवढं बघितलं असतं, तर आज एकटा नसतो." मी डबा घेऊन घरी आले. ते दिवेलागणीला आले, टांग्यात दोन बॅटऱ्यांना मध्ये बसवून.

पुढचे तीन आठवडे आम्ही जवळपास थंडच जेवलो. नवी बॅटरी भरायची, थोडी उतरवायची, पुन्हा भरायची, असं केल्याशिवाय तिला पूर्ण दम येत नाही म्हणत. कोणी कुरकुरलं नाही. पागे राहावेत असं सगळ्यांना वाटत होतं.

साहेब येणार त्या सकाळी मला बिलावलीजवळच्या एका बाळंतिणीला बघायचं होतं, म्हणून मी पाग्यांच्या टांग्यात जागा मागितली. मागच्या गादीवर रजईत गुंडाळलेल्या बॅटऱ्या बसल्या होत्या. मी पुढे, टांगेवाल्याच्या शेजारी.

पंपघराशी पोचलो तर आठ वाजले होते. साहेब दहाला यायचे होते. पाग्यांनी बॅटऱ्या बोटीत बसवल्या, नळीने आकडा बघितला, साडेबाराशे. एवढ्यात काठाला एक माणूस आला. दोन मडक्यांवर बांधलेल्या फळीवरून तो तलाव ओलांडून आला होता. पलीकडच्या काठावर शिंगाडे लावणाऱ्यांची वस्ती होती, तिथला. बायको कालपासून अडली होती. माझी नर्सची पिशवी बघून त्याने हे सांगितलं आणि माझ्यापाशीच बसला. पावसाळा संपून महिना झाला होता, तरी तलावाला वळसा घालणारा रस्ता नाल्यापाशी तुटलेलाच होता. टांगा जाऊ शकत नव्हता. मडक्यांवरून अडलेली बाई आणता येत नाही.

इथे एक सांगायला हवं. तो काठ माझ्या हद्दीत नव्हता. हद्दीबाहेर जायचं नाही असं आम्हा नर्सेसना लेखी बजावलेलं होतं आणि माझी कायम होण्याची फाइल नेमकी तेव्हाच वर गेलेली होती. संस्थानातल्या आम्हा सगळ्यांचंच तेव्हा कायम व्हायचं अडकलेलं होतं. पाग्यांना हे माहीत होतं. ओसरीवर कोणाचं काय अडकलंय हे कोणापासून लपत नसे.

पाग्यांनी नळी डब्यात ठेवली आणि म्हणाले, "बाई, बसा."

मी त्या बोटीत पहिल्यांदाच बसत होते. शिलाईच्या मशीनसारखी बारीक घरघर, बाकी आवाज नाही. पलीकडे पोचून मी बाईला तपासलं. मूल आडवं होतं. दवाखान्याखेरीज उपाय नव्हता. बोटीच्या तळाशी तिला निजवलं, तिची सासू, मी आणि पागे. परतीला वारा समोरून होता आणि बोट अर्धीअधिक पाण्यात बसली होती. मोटरच्या दांडीला वेगाचे तीन खटके होते. पागे दुसऱ्याच्या पुढे कधी गेले नव्हते, हे त्यांनीच मला पूर्वी सांगितलं होतं. त्या सकाळी त्यांनी दांडी तिसऱ्यावर टाकली आणि काठ येईपर्यंत हात काढला नाही. माझं लक्ष बाईच्या नाडीकडे होतं.

बॅटऱ्यांची रजई त्यांनी टांग्यात बाईखाली अंथरली. मी निघाले तेव्हा ते पुन्हा नळी घेऊन बोटीत वाकले होते. आकडा किती आला, मी विचारलं नाही.

संध्याकाळी घरी आले तर कळलं, की पहिली फेरी झाली आणि दुसऱ्या फेरीत बुरुजापासून परतताना बोट हळू होत होत थांबली. पाग्यांनी साहेबांना वल्ह्याने काठाला आणलं. साहेबांनी काठावरच शेरा लिहिला.

मी म्हटलं, मी उद्या साहेबांना जाऊन सांगते. पागे बुचं पुसत होते. "कशाला? तुमच्या फेरीने काही झालं नाही. मोटरच जुनी, तिने दम खाल्ला." मला बॅटऱ्यांतलं कळत नव्हतं. खरं तर कळून घ्यायचं नव्हतं. मी ते मानलं आणि जेवायला गेले.

बोट भंगारात गेली, पण पागे घरी बसले नाहीत. सियागंजातल्या त्याच दुकानदाराने त्यांना चार्जिंगच्या कामाला ठेवून घेतलं. ट्रकवाले तक्रार करत, की हा म्हातारा बॅटरी तीन दिवस सोडत नाही. ओसरीवर चुली रोज पेटू लागल्या. तीन महिन्यांनी माझा कायम झाल्याचा हुकूम आला.

त्याच आठवड्यात पंपघराचे ओव्हरसियर मला सूतिकागृहात भेटले, सुनेला घेऊन आले होते. बोलता बोलता म्हणाले, की बोट थांबल्यावर साहेबांनी पाग्यांना सरळ विचारलं होतं, "सुबह नाव निकली थी?" तळाशी पाणी होतं, चिखलाची पावलं होती. पागे म्हणाले, "नहीं हुजूर. बॅटरी मैंने ठीक से नहीं भरी. गलती मेरी है." साहेबांनी तेच शब्द शेऱ्यात उतरवले. ओव्हरसियर बाजूला उभे होते, गप्प राहिले.

ज्या माणसाने तीन आठवडे सहा चुली विझवून बॅटरी भरली, त्याने सरकारी कागदावर लिहवून घेतलं की मला बॅटरी भरता येत नाही.

मी ड्यूटी संपवून तशीच सियागंजात गेले. दुकानाच्या मागे पत्र्याखाली बारा-पंधरा बॅटऱ्या ओळीने लावल्या होत्या आणि पागे एकीला पाणी पाजत होते. मला गोड बोलता येत नाही. मी विचारलं, "तुम्ही साहेबांशी खोटं का बोललात?"

त्यांनी चंबू खाली ठेवला. "नाव निघाली म्हटलं असतं, तर कोणासाठी निघाली हे विचारलं असतं. तुमचं कायम व्हायचं होतं, मालतीबाई. माझं काय, कधीतरी निरस्त व्हायचंच होतं."

मला आभार मानायची सवय नव्हती आणि त्यांना ते मानून घ्यायची त्याहून नव्हती. मग ते पुढच्या बॅटरीकडे वळले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या बाईचं काय झालं होतं? तेव्हा विचारलं नाही. तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून समजलो की वाईट झालं."

आम्ही एका भिंतीला भिंत लावून राहत होतो. तीन महिने रोज सकाळी ते मला ओसरीवर दिसत होते. दवाखान्यात रोज दोन-चार बाळंतपणं होतात, ते त्यातलं एक होतं. मी ते वहीत लिहिलं आणि विसरले. आणि हा माणूस बोट, हुद्दा आणि लौकिक घालवून वर तीन महिने समजत होता, की ते सगळं वाया गेलं. तरी मला कळू दिलं नाही.

"दोघी खुशाल आहेत," मी म्हटलं. "ऑपरेशन करावं लागलं. दुपारी दीडला मुलगी झाली. सव्वासहा पौंड."

पागे रिकाम्या खोक्यावर बसले. पुढून ट्रकवाला त्यांना हाका मारत होता.

"किती पौंड म्हणालात?" त्यांनी विचारलं.

मी पुन्हा सांगितलं.